कोठडीऐवजी घर : आश्रय मागणाऱ्या कुटुंबांसाठी पर्यायी व्यवस्था कशी उभारायची

जीव वाचवण्यासाठी परक्या देशात येऊन आश्रयाचा अर्ज करणं हा गुन्हा नाही. तरीही अनेक देशांत अर्जदार कुटुंबांना तान्ह्या मुलांसकट कुलूपबंद केंद्रांत डांबून ठेवलं जातं. सरकारला साधारण तीन शंका असतात: ही माणसं तारखेला हजर राहतील का, ती खरोखर कोण आहेत, आणि अर्ज फेटाळला गेला तर परत जातील का. तिन्ही शंकांना कोठडीशिवाय उत्तर देता येतं आणि ते कसं द्यायचं याचा अनुभव गेल्या तीसेक वर्षांत बऱ्याच देशांत जमा झाला आहे. असा कार्यक्रम सुरू करू पाहणाऱ्या संस्था, वकील, समाजकार्यकर्ते आणि अधिकारी यांच्यासाठी ही माहिती.

कुटुंब तारखेला का येतं, हे आधी नीट समजून घ्यावं. तारीख कधी, कुठे आणि कशासाठी आहे हे त्याला कळलेलं असतं, तिथवर पोचायची सोय असते आणि आपलं म्हणणं ऐकलं जाईल असा थोडा तरी भरवसा असतो, म्हणून ते येतं. पुढे सांगितलेली प्रत्येक पायरी या तीन गोष्टी घडवून आणण्यासाठी आहे. यातली एक जरी निसटली तरी हजेरी घसरते आणि खापर मात्र कुटुंबावर फुटतं.

बैठकीला जाण्याआधी

अधिकाऱ्यांसमोर मुलांच्या हालांबद्दल जरूर बोला, पण फाइल पुढे सरकते ती आकड्यांवर. ते हाताशी असू द्या.

सगळ्यात उपयोगी दाखला अमेरिकेतल्या फॅमिली केस मॅनेजमेंट प्रोग्रामचा. जानेवारी २०१६ मध्ये तो पाच महानगर परिसरांत सुरू झाला: न्यूयॉर्क-नेवार्क, बाल्टिमोर-वॉशिंग्टन, शिकागो, मायामी आणि लॉस एंजेलिस. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या माता, अगदी लहान मुलं असलेली, आजारी किंवा हिंसाचार सोसलेली कुटुंबं त्यात घेतली जात. प्रत्येक कुटुंबाला एक केसवर्कर, म्हणजे त्याचं प्रकरण सांभाळणारा कार्यकर्ता, मिळे. त्याच्यामार्फत कायद्याची प्राथमिक माहिती मिळे आणि घर, दवाखाना, शाळा यांच्याशी गाठ घालून दिली जाई. इमिग्रेशन अधिकाऱ्यांकडच्या हजेऱ्या ९९ टक्के पाळल्या गेल्या, न्यायालयातल्या सुनावण्या १०० टक्के. खर्च एका कुटुंबामागे दिवसाला सुमारे ३६ डॉलर. त्याच काळात कुटुंबांच्या कोठडीत एका माणसामागे दिवसाला सुमारे ३१९ डॉलर धरले जात होते, म्हणजे आई आणि दोन मुलं असली की ९५७. एवढं असूनही जून २०१७ मध्ये कार्यक्रम बंद झाला. नुसती इलेक्ट्रॉनिक देखरेख याहूनही स्वस्त पडते, असं कारण सरकारने दिलं. शिवाय दीड वर्षात किती प्रकरणं निकाली निघाली हे मोजलं गेलं, जेव्हा तिथल्या न्यायालयांत एकेका प्रकरणाला कैक वर्षं लागतात. यातून काय शिकायचं ते मोजणीच्या भागात येईल.

आणखी तीन दाखले जवळ ठेवा. १९९७ ते २००० दरम्यान न्यूयॉर्कमध्ये व्हेरा इन्स्टिट्यूट या न्यायव्यवस्थेवर काम करणाऱ्या संस्थेने चालवलेल्या प्रयोगात नियमित संपर्कात असलेल्या ९१ टक्के लोकांनी सगळ्या सुनावण्यांना हजेरी लावली. नुसतं सोडून दिलेल्यांत हे प्रमाण ७१ टक्के होतं. या दोन आकड्यांमधल्या अंतरात संपर्क, माहिती आणि मदत यांचा मोठा वाटा आहे. २००१ ते २०१६ या काळातल्या अमेरिकी न्यायालयीन नोंदींच्या अभ्यासात कोठडीतून सुटलेल्या कुटुंबांपैकी ८६ टक्के लोक सगळ्या तारखांना आले आणि ज्यांनी आश्रयाचा अर्ज प्रत्यक्ष दाखल केला होता त्यांच्यात ९६ टक्के. बल्गेरिया, सायप्रस आणि पोलंडमधल्या २०१७ ते २०१९ च्या प्रायोगिक प्रकल्पांतही ८६ टक्के लोक संपर्कात टिकले.

कायद्याची बाजू थोडक्यात. १९५१ च्या निर्वासितविषयक कराराचं कलम ३१ बेकायदा प्रवेशाबद्दल निर्वासितांना शिक्षा करायला मनाई करतं. बालहक्क करारातलं कलम ३७ मुलांची कोठडी हा अगदी शेवटचा आणि कमीत कमी काळाचा उपाय मानतं. संयुक्त राष्ट्रांच्या दोन समित्यांनी नोव्हेंबर २०१७ मध्ये एकत्र भूमिका घेऊन सांगितलं की मुलाच्या किंवा आईवडिलांच्या स्थलांतराच्या स्थितीवरून मुलाला कोठडीत ठेवणं हे कायमच त्याच्या हक्कांचं उल्लंघन आहे. युरोपातल्या मानवी हक्क न्यायालयाने बेल्जियमविरुद्ध २०१० मध्ये आणि फ्रान्सविरुद्ध २०१२ मध्ये अशाच कुटुंबांच्या बाजूने निकाल दिले. अमेरिकेने बालहक्क करार मंजूर केलेला नाही. तिथे ताब्यातल्या स्थलांतरित मुलांबद्दल न्यायालयात झालेली १९९७ ची फ्लोरेस तडजोड कामी येते. तिच्यावरच्या २०१५ च्या निकालामुळे मुलांना आईवडिलांसोबतसुद्धा साधारण २० दिवसांपलीकडे अशा केंद्रात ठेवता येत नाही. डॉक्टरांचं मत लागलं तर अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सचं २०१७ चं निवेदन दाखवा. कोठडीतला कितीही थोडा काळ मुलांसाठी सुरक्षित आहे याला पुरावा नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे.

"मुलांना सोडतो, आईवडिलांना ठेवतो" असा तोडगा समोर आला तर लगेच नकार द्या. २०१८ मध्ये अमेरिकेच्या सीमेवर मुलं आईवडिलांपासून तोडली गेली, तेव्हा काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं आहे. २०१७ ची ती संयुक्त भूमिकाही हेच सांगते: मुलाला कोठडीत न ठेवण्याचा नियम आईवडिलांनाही लागू करायचा आणि सगळ्या कुटुंबासाठी बाहेरचा पर्याय काढायचा.

दारातच तपासणी

कुटुंब कोठडीत गेल्यावर "यांना सोडता येईल का" असं विचारणारी व्यवस्था उलटी असते. आत ठेवायचं असेल तर अधिकाऱ्याने कारण लिहून द्यावं आणि सोडण्यासाठी कोणाला काहीही सिद्ध करावं लागू नये, ही अट सरकार आणि संस्था यांच्यातल्या करारात पहिल्याच पानावर असावी. तोंडी आश्वासनावर राहू नका. अधिकारी बदलला की ते हवेत विरतं.

पहिली मुलाखत दाखल झाल्यापासून ४८ तासांत व्हावी, एका प्रौढासाठी पाऊण ते एक तास धरून. यूएनएचसीआर (संयुक्त राष्ट्रांची निर्वासितविषयक संस्था) आणि स्थलांतरितांच्या कोठडीला पर्याय शोधणारी इंटरनॅशनल डिटेन्शन कोअॅलिशन यांनी २०१६ मध्ये तयार केलेलं दुर्बलता-तपासणीचं साधन याला आधार म्हणून चांगलं आहे. नवरा आणि बायको यांच्याशी वेगवेगळं बोला. घरातली मारहाण किंवा वाटेत झालेला बलात्कार दुसऱ्यासमोर कोणी सांगत नाही, आणि पुढे बाईचा स्वतंत्र आश्रयाचा दावा याच माहितीवर उभा राहू शकतो. मुलांना या वेळी दुसऱ्या खोलीत खेळणी आणि ओळखीचं कोणीतरी हवं. मुलाला दुभाषी करू नका, मूल कितीही हुशार असलं तरी.

तपासायच्या गोष्टी अशा: कोणती भाषा घरात बोलतात, गरोदरपण, चालू असलेली औषधं, छळाच्या खुणा, मुलांची वयं, या देशात नात्याचं कोणी आहे का, त्यांचा पत्ता आणि फोन, हातात असलेली न्यायालयाची कागदपत्रं, आणि कोणाची धास्ती आहे. शेवटचा प्रश्न माणसांची चोरटी ने-आण करणाऱ्या तस्करांमुळे विचारायचा. वाटेतलं कर्ज वसूल करायला तस्कर नातेवाईक बनून दाराशी येऊ शकतो. न्यायला आलेला माणूस खरोखर ओळखीचा आहे का, हे त्याच्या गैरहजेरीत आईला आणि मुलांना वेगवेगळं विचारा.

भाषेच्या रकान्यात फार चुका होतात. ग्वाटेमालातून आलेल्या कुटुंबाच्या कागदावर "स्पॅनिश" लिहिलं जातं, पण घरात माम, कीचे किंवा कान्होबाल बोलत असतात. बाजारापुरती स्पॅनिश येणारी बाई प्रत्येक वाक्याला मान डोलावते, तारीख मात्र कळलेली नसते. म्हणून "तुम्हाला स्पॅनिश येते का" असं विचारू नका. "आजी तुमच्याशी कोणत्या भाषेत बोलायची" असं विचारा आणि सांगितलेली तारीख तिच्याच तोंडून परत ऐका.

ओळखपत्र नसेल तर शाळेचा दाखला, बाप्तिस्म्याचा कागद, लसीकरणाचं कार्ड, फोनमधले फोटो, या देशातल्या नातेवाइकाची शपथपत्रं असे तुकडे गोळा करून ओळख उभी करता येते. ज्या देशातून जीव वाचवून माणूस आला त्या देशाच्या वकिलातीला मात्र कधीही फोन करू नका. मागे राहिलेल्या घरच्यांवर त्याचा सूड उगवला जाऊ शकतो.

राहायची जागा

नातेवाईक असतील तर पहिली पसंती तीच, आणि तीच सगळ्यात स्वस्त. पण पत्ता नुसता लिहून घेऊन थांबू नका. यजमानाशी बोला: किती खोल्या, किती दिवस चालेल, घरमालकाची हरकत आहे का. दीड महिन्याने कुरबुर सुरू होते, हे गृहीत धरून दुसरी जागा आधीच शोधून ठेवा. कुटुंब हरवतं ते पळून जाण्यापेक्षा या घरातून त्या घरात हलताना जास्त.

जागेवर पोचल्यावर पहिल्या दिवसाचं काम म्हणजे टपालपेटीवर कुटुंबाचं नाव लावणं. क्षुल्लक वाटतं, पण नाव नाही म्हणून पोस्टमन समन्स परत नेतो आणि कार्यालयात "पत्त्यावर राहत नाहीत" अशी नोंद होते. तिथून एकतर्फी आदेश फार लांब नसतो.

नातेवाईक नसतील तर छोटे, वेगळे फ्लॅट. स्वतःचं दार आणि स्वतःची चूल असलेली जागा निवडा. मोठ्या वसतिगृहात सगळ्यांचं जेवण एकत्र होतं तेव्हा आईच्या हातून मुलांना भरवणं सुटतं, आणि मूल आईकडे बघायचं सोडून रखवालदाराकडे बघायला लागतं. जागा न्यायालयापासून आणि हजेरीच्या कार्यालयापासून एका बसने गाठता यावी. मुलांचा शाळाप्रवेश पहिल्या दहा दिवसांत उरका. शाळा मुलांसाठी असतेच, शिवाय तिच्यामुळे कुटुंबाचा दिवस बांधला जातो आणि ओळखी होतात. सहाव्या महिन्यात गाव सोडून जावंसं वाटलं तर थांबायला कारण याच ओळखी देतात.

केसवर्कर

कार्यक्रम इथे उभा राहतो किंवा इथे कोसळतो, म्हणून या जागेचं गणित नीट करा. एका गृहभेटीला प्रवास आणि नोंदींसकट साधारण तीन तास जातात. नव्या कुटुंबाला पहिले दोन महिने दर आठवड्याला भेट लागते, स्थिरावलेल्याला महिन्यातून एक. केसवर्करकडे २० कुटुंबं असतील आणि त्यातली चार नवी, तर नव्यांचे आठवड्याला १२ तास आणि उरलेल्या १६ कुटुंबांचे महिन्याला ४८, म्हणजे आठवड्याला पुन्हा १२. चाळीस तासांच्या आठवड्यात १६ तास उरतात. ते न्यायालयात सोबत जाणं, फोन, दवाखाना आणि अचानक उद्भवणाऱ्या गोष्टींत संपतात. हाच आकडा ४० कुटुंबांवर नेला तर नुसत्या भेटींचेच ४८ तास होतात. मग भेटींची जागा फोन घेतात, फोनची जागा मेसेज, आणि कागदावर कार्यक्रम चालू असूनही प्रत्यक्षात तो थांबलेला असतो. म्हणून २० हा आकडा धरा, फार तर २५. निधी देणारा "चाळीस चालतील ना" म्हणाला तर हे गणित त्याच्यासमोर मांडा आणि कुटुंबांची एकूण संख्या कमी करा.

केसवर्करने कुटुंबावर पहारा ठेवायचा नाही. तारखा चुकवल्या तर कळवणं आणि कुटुंबाच्या मनातल्या गोष्टी ऐकणं, ही दोन कामं एकाच माणसाकडे दिली की कुटुंब बोलायचं थांबवतं. आणि न बोलणारं कुटुंब कुठे अडलंय हे कोणालाच कळत नाही. संस्थेने सरकारला काय कळवायचं ते करारात शब्दशः लिहा: पत्ता, हजेऱ्या, शाळाप्रवेश, एवढंच. संभाषणं, वैद्यकीय नोंदी, आश्रयाच्या दाव्याचे तपशील कळवायचे नाहीत. हीच यादी पहिल्या भेटीत कुटुंबाला त्यांच्या भाषेत वाचून दाखवा आणि एक प्रत त्यांच्याकडे ठेवा. आपण काय कळवणार हे लपवून ठेवलं आणि ते नंतर बाहेर आलं, तर गेलेला विश्वास परत येत नाही.

पहिल्या भेटीत फार काही उरकायला जाऊ नका. कोठडीतून आलेली आई तुमचं निम्मं बोलणं ऐकत नसते. पुढची तारीख, तुमचा फोन नंबर आणि मुलांना आज काय लागतंय, एवढं पुरे. कायद्याचं सगळं चित्र दुसऱ्या भेटीला, एका मोठ्या कागदावर रेषा काढून: आपण इथे आहोत, पुढे ही पायरी, मग ही; प्रत्येक पायरीवर काय झालं तर काय. हा कागद भिंतीवर लावायला द्या.

तारीख कशी चुकते

तारीख चुकण्यामागे बहुतेक वेळा पत्ता, प्रवास, भाषा किंवा मुलं सांभाळायची अडचण असते. एकेकाला वेगळं उत्तर आहे.

अमेरिकेतली गुंतागुंत उदाहरणादाखल पाहा. इमिग्रेशन न्यायालय हे न्याय खात्याकडे, हजेरी घेणारी आणि ताब्यात ठेवणारी यंत्रणा गृहसुरक्षा खात्याकडे. कुटुंबाने हजेरीच्या कार्यालयात नवा पत्ता सांगितला म्हणजे न्यायालयाला तो कळला असं होत नाही. न्यायालयासाठी पत्ताबदलाचा वेगळा फॉर्म पाच दिवसांत द्यावा लागतो, गृहसुरक्षा खात्याला दहा दिवसांत कळवण्याचा नियम वेगळा. एकाला सांगून दुसऱ्याला न सांगितलेलं कुटुंब प्रामाणिकपणे तारखेची वाट बघत बसतं, समन्स जुन्या घरी जातं, आणि न्यायाधीश गैरहजेरीत हद्दपारीचा आदेश देऊन मोकळे होतात. जागा दुसऱ्या शहरात असेल तर पत्ता बदलल्याने न्यायालय आपोआप बदलत नाही. त्यासाठी वेगळा अर्ज करून परवानगी घ्यावी लागते. तुमच्या देशात कोणकोणत्या कार्यालयांना पत्ता कळवावा लागतो याची यादी कार्यक्रम सुरू होण्याआधी करा. घर बदललं की सगळे फॉर्म त्याच दिवशी, एकाच बैठकीत भरा आणि पोचपावत्या फाइलला लावा.

तारखेची खात्री कुटुंबाच्या हातातल्या कागदावरून करू नका, कारण सुनावण्या पुढे-मागे सरकतात. न्यायालयाची फोन किंवा ऑनलाइन सेवा असेल तर केसवर्करने दर आठवड्याला प्रत्येक कुटुंबाचा केस क्रमांक घालून तारीख पाहावी. कुटुंबाला आठवण चौदा दिवस आधी, तीन दिवस आधी आणि आदल्या संध्याकाळी द्या. चौदा दिवस आधीची आठवण मालकाकडून सुटी मागण्यासाठी, तीन दिवस आधीची मुलांच्या सोयीसाठी, आदल्या संध्याकाळची कपडे आणि कागद काढून ठेवण्यासाठी. पहिल्या सुनावणीच्या आधी एकदा रिकाम्या दिवशी न्यायालयापर्यंत सोबत जाऊन या: कुठली बस, कुठल्या दारातून आत, सुरक्षा तपासणी, कितवा मजला. गणवेश घातलेल्या माणसासमोरून जायला घाबरणारा बाप त्या दिवशी दारातूनच परत फिरू शकतो; एकदा आत जाऊन आलेला फिरत नाही.

वकील

माहितीसत्र म्हणजे वकील नव्हे. बजेट आखडलं की दोन्ही एकच समजण्याचा मोह होतो. गटात घेतलेल्या दीड तासाच्या सत्राने पायऱ्या समजतात, पण दावा मांडायला वकीलच लागतो. ९६ टक्क्यांचा तो आकडा आठवा: ज्यांचा अर्ज खरोखर न्यायालयात दाखल झाला, ती माणसं येतात, कारण त्यांच्याकडे गमावण्यासारखं आणि मिळवण्यासारखं काहीतरी असतं.

मुदती सगळ्यांच्या कॅलेंडरवर मोठ्या अक्षरांत. अमेरिकेत आश्रयाचा अर्ज देशात आल्यापासून एक वर्षाच्या आत द्यावा लागतो. मायदेशी परतण्याची भीती खरी आहे का हे तपासणारी मुलाखत अधिकाऱ्यासमोर दिली म्हणजे अर्ज झाला, असा समज असलेली कुटुंबं हे वर्ष घालवून बसतात. ही दोन वेगळी कामं आहेत, हे पहिल्या महिन्यातच स्पष्ट करा.

छळ सोसलेल्या माणसाची आठवण तारीखवार येत नाही. वकिलाच्या पहिल्या भेटीत एक महिना, दुसरीत दुसराच, आणि न्यायाधीशाला त्यात खोटेपणा दिसतो. वेळरेषा सणवार, पेरणी, मुलाचा जन्म अशा खुणांवर बांधा आणि निवेदन दोन-तीन बैठकांत पुरं करा, एकाच दमात नको.

अटी : कमीत कमीपासून

अट लावायचीच असेल तर सगळ्यात हलकीपासून सुरू करा: पत्ता कळवत राहणं, मग ठरावीक दिवशी हजेरी, मग जातमुचलका किंवा हमीदार. प्रत्येक पायरी वर चढवताना कोणती शंका मिटवण्यासाठी हे लिहून ठेवा, आणि तीन महिने सगळं सुरळीत गेलं की अट आपोआप खाली यावी अशी तरतूद करा. नाहीतर अट एकदा लागली की ती काढायचं कोणाच्याही ध्यानात राहत नाही. हजेरीचा दिवस शाळेच्या वेळेत किंवा मजुरीच्या दिवशी ठेवला तर कुटुंबाला रोजगार किंवा नियम यांतलं एक मोडावंच लागतं. संध्याकाळची किंवा फोनवरची हजेरी मागून घ्या.

पैशाच्या जामिनापासून सावध राहा. अमेरिकेत इमिग्रेशन जामीन किमान १,५०० डॉलर असतो आणि प्रत्यक्षात कितीतरी जास्त लावला जातो. ती रक्कम कर्जाने उभी राहते आणि कर्जदार कुटुंब सावकाराच्या कह्यात जातं. हमीदार कोणीच नसेल तर कॅनडाचा मार्ग बघा: टोरंटो बेल प्रोग्राम १९९६ पासून स्वतः हमीदार म्हणून उभा राहतो आणि त्या माणसाशी संपर्क ठेवतो.

पायातला इलेक्ट्रॉनिक पट्टा हा पर्याय मानू नका, तो कोठडीचाच लांबलेला दोर आहे. चार्जिंगसाठी भिंतीला चिकटून बसावं लागतं, कातडी सोलवटते, शेजारी आणि मालक गुन्हेगार समजतात, आणि बॅटरी उतरली की "नियमभंग" नोंदला जातो. अमेरिकेने मे २०२३ मध्ये काही शहरांत कुटुंबप्रमुखाच्या पायात जीपीएस पट्टा आणि रात्री ११ ते पहाटे ५ घराबाहेर न पडण्याची अट असा कार्यक्रम आणला. त्यांतलीच काही शहरं २०१६ च्या केसवर्कर-कार्यक्रमातही होती, आणि तिथे हे सगळं न करता सुनावण्यांना १०० टक्के हजेरी होती.

आणखी एक धोका आहे आणि तो चांगल्या हेतूच्या संस्थांकडूनच घडतो. जी कुटुंबं एरवी कुठलीही अट न लावता सुटली असती, तीच देखरेखीखाली येतात आणि कोठडीतली आतच राहतात. आकडे छान दिसतात, कोठडी रिकामी होत नाही. म्हणून दर तिमाहीला तपासा: कार्यक्रमात आलेल्या कुटुंबांसोबतच कोठडीतल्या कुटुंबांची संख्याही घटते आहे का. घटत नसेल तर नवी कुटुंबं घेणं थांबवून अधिकाऱ्यांशी बोला.

नकार आला तर

सगळ्यांना आश्रय मिळणार नाही, हे पहिल्या महिन्यापासून कुटुंबाशी बोलायला हवं. इंग्लंडमध्ये केंट परगण्यात २००७-०८ मध्ये झालेला मिलबँक प्रयोग याचसाठी अभ्यासावा. नकार आलेल्या कुटुंबांना राहत्या गावातून उचलून एका वसतिगृहात आणलं, मुलांच्या शाळा सुटल्या, आणि तिथे पोचल्यावर "परत जा" एवढंच सांगितलं गेलं. अवघं एक कुटुंब परतलं. जागा खुली होती, कुलूप नव्हतं. चुकली ती वेळ. प्रक्रियेच्या शेवटच्या टोकाला सुरू केलेल्या कार्यक्रमाकडे कुटुंबाला देण्यासारखं फक्त वाईट बातमीच असते.

बेल्जियमची ऑक्टोबर २००८ पासूनची खुली परतीची घरं याहून बरी होती: स्वतंत्र घर, मुलांना शाळा, मदतीला प्रशिक्षक, फक्त एका प्रौढाने घरी थांबण्याची अट. पण हा प्रशिक्षक परदेशी नागरिक विभागाचाच नोकर. कुटुंबं आपल्या भीतीबद्दल त्याच्याशी मोकळी होत नसत, आणि काही परतीचा विषय निघताच निघून गेली.

ब्रिटनने मुलांची कोठडी कमी करताना घेतलेल्या दोन तरतुदी मागून घेण्यासारख्या आहेत. २०१४ च्या कायद्याने अपिलं संपल्यावर मुलं असलेल्या कुटुंबाला २८ दिवस देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि सक्तीने पाठवायचं असेल तर मुलांच्या भल्याबद्दल आधी स्वतंत्र मंडळाचा सल्ला घ्यावा लागतो. या २८ दिवसांत केसवर्करने वकिलाकडून फाइल पुन्हा तपासून घ्यावी. बऱ्याचदा बायकोचा स्वतंत्र दावा किंवा मुलाचा आजार कोणी मांडलेलाच नसतो. काहीच उरलं नसेल तर मुलांचे शाळेचे दाखले, लसीकरणाची कार्डं, तीन महिन्यांची औषधं आणि तिकडे उतरल्यावर भेटणाऱ्या माणसाचा नंबर या चार गोष्टी पिशवीत असल्याशिवाय परतीची तारीख मान्य करू नका.

काय मोजायचं

मोजायच्या गोष्टी करार होतानाच ठरवा. अमेरिकेतला २०१६ चा तो केसवर्कर-कार्यक्रम बंद पडला त्याचं एक कारण हेही, की यश कशाला म्हणायचं ते नंतर बदललं. करारात लिहा: सुनावण्यांची हजेरी, ठरलेल्या भेटी, पत्ता अद्ययावत असणं, शाळेत जाणारी मुलं, वकील मिळालेली कुटुंबं. हद्दपारीचा आकडा यशाचं माप म्हणून मान्य करू नका. तो न्यायालयाच्या वेगावर अवलंबून असतो, तुमच्या कामावर नाही. कालावधी किमान तीन वर्षांचा मागा.

हजेरीची टक्केवारी काढताना भाजक काय धरला ते पानाच्या खाली लिहा. रद्द झालेल्या सुनावण्या वगळायच्या, आजारपणात वकिलामार्फत पुढची तारीख घेतलेल्या गैरहजेरीत मोजायच्या नाहीत, आणि संपर्क तुटलेल्या कुटुंबांना मात्र यादीतून काढायचं नाही. संपर्क तुटल्यापासून पहिले तीस दिवस शोध घ्या: शाळा, दवाखाना, जुने यजमान, वकील, धर्मस्थळ. यातली बरीच कुटुंबं दोन गल्ल्या पलीकडे, नव्या सिमकार्डसह सापडतात. सापडली की आधी पत्ताबदलाचे फॉर्म, मग बाकीची विचारपूस. आणि त्यांच्या नव्या टपालपेटीवर नाव लागलंय का, ते बघूनच परत निघा.